कापगतेंचा सहावा किरायेदार

कापगते कुणालाही नमस्कार करत नाहीत. यात उद्धटपणा नाही. त्यांच्या मते नमस्कार ओळख होते तेव्हा एकदाच करायचा असतो. त्यानंतर त्या माणसाशी आयुष्यभर एकच बोलणं चालू असतं, अधूनमधून ते थांबतं एवढंच. त्यामुळे मागच्या भेटीत बोलणं ज्या शब्दावर थांबलं, त्याच्या पुढच्या शब्दापासून ते सुरुवात करतात. मध्ये दोन तास गेलेले असोत नाहीतर दोन महिने.

मला याचा पहिला झटका भाजीबाजारात बसला. कापगते नवेगाव बांधचे. त्यांच्या गावातल्या एका लग्नाची गोष्ट ते मला सांगत होते. नवरदेव रुसला होता आणि तळ्याच्या पाळीवर जाऊन बसला होता. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. "इथं थांबवतो," असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून बोटभर वही काढली, काहीतरी टिपलं आणि गेले. मीही विसरले. तीन आठवड्यांनी मी वांगी निवडत होते, तर मागून आवाज आला, "तं सासरा म्हणे, मंग पाळीवरच पंगत वाढा!"

मी दचकले. वांगीवालीही दचकली.

"कोण सासरा?" मी विचारलं.

"नवरदेवाचा. तो रुसून नाई का बसला पाळीवर?" कापगतेंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी ग्रंथालयाचं पुस्तक हरवलं. "तुम्ही थांबवून नाई ठेवलं का मॅडम? बंदच करून टाकलं?"

मी गोंदियातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि कापगते तिथले सिस्टीमवाले. माझी मागची भिंत आणि त्यांच्या सर्व्हर रूमची पुढची भिंत एकच. पूर्वी त्या खोलीत खेळाचं सामान असायचं. अजूनही एसी बंद पडला की फुटबॉलचा वास येतो. माणसांचं मनातल्या मनात वर्गीकरण करायची मला धंद्याची खोड आहे. प्राचार्य कुठल्या कपाटात, लेखापाल कुठल्या, हे मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. कापगते मात्र सहा वर्षं टेबलावरच पडून राहिले.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं आहे: "बंद नाई, थांबवलं." तोंडात हेच, कामातही हेच. त्यांच्या खोलीत एक दणकट सर्व्हर होता. त्याच्या पोटात सहा वेगवेगळे संगणक असल्यासारखे चालायचे. त्यांना हात लावता येत नाही, पुसता येत नाही, पण प्रत्येकाचं काम वेगळं. बाहेरच्या मोठ्या यंत्राला कापगते घरमालक म्हणत आणि आतल्या सहांना किरायेदार. माझं ग्रंथालय हा त्यातला एक किरायेदार. मी आयुष्यात कधी भाड्याच्या घरात राहिले नाही. पण कापगतेंच्या लेखी मी सहा वर्षं भाडेकरू होते आणि ते मला तसंच वागवत.

वर्षातून दोनदा, कधी तीनदा, घरमालकाची डागडुजी निघे. म्हणजे अपडेट. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी आतली सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू करील. कापगते त्यांना झोपवत. ज्या घडीला जे काम जिथे चाललं असेल, ते तिथल्या तिथे, अर्ध्या अक्षरासकट गोठवून जपून ठेवायचं, घरमालकाची डागडुजी उरकायची, आणि मग प्रत्येकाला जिथल्या तिथे जागं करायचं. मला त्यांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा भाताच्या रोपांच्या रोवणीचे दिवस होते.

"पऱ्हे कसे नेतो आपण, मॅडम? मुळाची माती तशीच ठेवून उपटतो, पेंढी बांधतो, दुसऱ्या बांधीत नेऊन रोवतो. पऱ्ह्याले समजत बी नाई का आपली जागा बदलली म्हणून. मी तेच करून राहिलो."

मी आमगावची. चिखल तुडवलेला असल्यामुळे मला हे लगेच पटलं. प्राचार्यांना पटलं नाही. ते धान्याच्या व्यापारातल्या घरातले, त्यांची मराठी हिंदीच्या पाठीवर बसून येते. एकदा त्यांचं एक पत्र अडलं तेव्हा ते सर्व्हर रूमच्या दाराशी येऊन म्हणाले, "कापगतेजी, ये सुलाना-जगाना क्या है? सीधा बंद करो, सीधा चालू करो."

"साहेब, तुम्ही दुपारी जेवून आडवे होता ना?"

"होतो. तो?"

"तवा घरचे सरणाचे लाकडं गोळा करते का?"

प्राचार्य आल्या पावली परत गेले. त्यानंतर त्यांनी या विषयात कधी लक्ष घातलं नाही.

डागडुजीच्या दिवशी कापगते खोलीबाहेर खडूनं पाटी लिहीत: "घरमालकाचे काम चालू आहे. किरायेदार झोपले आहेत. आवाज करू नये." आवाजाचा आणि त्या झोपेचा काही संबंध नव्हता, हे मला नंतर कळलं. पण आमचे शिपाई मेश्राम इतकी वर्षं त्या दिवशी चप्पल हातात घेऊन व्हरांड्यातून जात. एकदा विद्यार्थी संघटनेचा मोर्चा घोषणा देत येत होता. पाटी वाचून तो तिथून मुकाट्यानं गेला आणि पुढे प्राचार्यांच्या दाराशी पुन्हा सुरू झाला. कापगतेंनी त्याचं फार कौतुक केलं. "पोरायले समजते," म्हणाले, "थांबवलं, बंद नाई केलं."

घरीही हाच कारभार. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, एकदा हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा मी सहज विचारलं, घरी कसं काय आहे?

"काय सांगू बाई," वहिनी म्हणाल्या. आमच्या भागात बायकाही "आलो-गेलो"च म्हणतात. "हा माणूस भांडण बी थांबवून ठेवते. दिवाळीले मी याले बोललो का पडदे काऊन नाई लावले. तेवढ्यात पाव्हणे आले. होळीले मी पुरणाचं पाहून राहिलो, तं मागून येऊन म्हणते, कारण पडद्याचा पाइपच आखूड हाय! मले आता राग कुठून आणू? दिवाळीचा राग होळीलोक टिकते का?"

वहिनींचा राग टिकत नसे, पण कापगतेंच्या वहीत सगळं टिकत होतं. वहीच्या प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक शब्द. डोक्यात मावत नाही म्हणून ते लिहून ठेवत. माझ्या नावापुढे मी एकदा चोरून पाहिलं: "टेंभरे मॅडम: तरी पण". मी कुठल्या वाक्यात "तरी पण" म्हटलं होतं, देव जाणे. पुढे चार दिवस मी कापगते दिसले की रस्ता बदलत होते.

आता सहाव्या किरायेदाराकडे येते.

पाच किरायेदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या सर्व्हरच्या दारावर चिकटवलेल्या होत्या: ग्रंथालय, प्रवेश, परीक्षा, हजेरी, वसतिगृह. सहाव्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "खाली". आमच्याकडे खाली म्हणजे रिकामी. खोली रिकामी असेल तर ती काढून का टाकत नाही, असं मी विचारलं होतं.

"रिकाम्या खोलीत बी कोणाचं तरी सामान राहतेच," कापगते म्हणाले आणि एसीचं तापमान बघायला लागले.

या रिकाम्या खोलीसाठी मात्र खास सोहळा होता. पाच जण जागे झाले, कामाला लागले, की कापगते मेश्रामला बाहेर काढत. मला बाहेर काढत. आतून कडी लावत. मिनिटाभरात बाहेर येत, ते पडलेला चेहरा घेऊन आणि एक आकडा सांगत. "तेरा खाल्ले." कधी "बारा खाल्ले." एकदा खूष होते: "आज अकरातच भागलं." मेश्रामचं मत असं की कापगते आत दडून समोसे खातात. पण एका मिनिटात तेरा समोसे खाणारा माणूस इतका किडकिडीत कसा राहील, हा माझा आक्षेप होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण या वर्षी संस्थेनं नवा सर्व्हर घेतला. जुना त्याच्या बदल्यात परत द्यायचा होता. शनिवारी संध्याकाळी पाचला माणसं येऊन तो उचलून नेणार होती.

त्या आठवड्यात कापगते बिघडले. त्यांनी मला चक्क "नमस्कार मॅडम" म्हटलं. मी घाबरले. बुधवारी त्यांनी परीक्षा विभागाला जेवायच्या सुट्टीतच नव्या घरी हलवलं, गुरुवारी प्रवेश आणि हजेरी, शुक्रवारी वसतिगृह आणि मी. या वेळी झोपवण्याची भानगड नव्हती. सरळ बंद करून, सामान नेऊन, नव्या जागी सुरू केलं. पाटी लिहिली नाही. मेश्राम चप्पल घालून फटफट करत गेले तरी काही बोलले नाहीत.

"या वेळी झोपवलं नाही?" मी विचारलं.

"जुनी झोप नव्या घरमालकाकडे उघडत नाई. याचा मेंदूच दुसऱ्या जातीचा हाय. तुमचं काय, तुमचं सारं लिहून ठेवलेलं असते. बंद करा, चालू करा, पुस्तकं तेच राहते."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण काही नाई," कापगते म्हणाले. त्यांनी वही काढली नाही, "इथं थांबवतो" म्हटलं नाही, तसेच निघून गेले. माझी खात्री पटली की अडचण मोठी आहे.

शनिवारी अर्धा दिवस. एक वाजता सगळे गेले. मी मुद्दाम थांबले. चौकस स्वभाव म्हणा, काही म्हणा. मला त्या माणसाची काळजी वाटत होती हे मी इथे सरळ सांगून टाकते. सर्व्हर रूमचं दार उघडंच होतं. जुन्या सर्व्हरवरच्या पाच चिठ्ठ्या काढलेल्या होत्या. सहावी तशीच होती. कापगते स्टुलावर बसले होते, मांडीवर हात.

"त्या खोलीत कोणाचं सामान आहे, कापगतेभाऊ?" मी विचारलं.

ते सांगायला लागले, आणि मला आठवतं तेवढ्यात प्रथमच त्यांनी एक गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न थांबता सांगितली.

त्यांना एक मुलगी आहे, मोनू. आता हैदराबादला असते. ती शाळेत होती तेव्हा शाळा सुटली की बापासोबत घरी जायला म्हणून या खोलीत येऊन बसायची. पोरीनं कामाच्या यंत्रांना हात लावू नये म्हणून कापगतेंनी तिच्यासाठी एक वेगळी खोली उघडून दिली, सहावी. तिच्यात कुठूनतरी मिळालेला बुद्धिबळाचा एक जुना खेळ होता. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचा, आळीपाळीनं. दोघांची दोन घड्याळं. आपली पाळी असताना आपलं घड्याळ उलटं पळतं, शून्य झालं की हरलो. सात वर्षं दोघं रोज खेळले.

"आमचं बोलणं म्हणजे तेच होतं मॅडम. घरी मोनू आईशी बोले. माह्याशी इथं. पाह्य पप्पा, तुमचा उंट गेला. पाह्य मोनू, घोडा सांभाळ. बस. दुसरं काही मले बोलता येत बी नाई."

मग मुलगी बारावी झाली, नागपूरला इंजिनिअरिंगला नंबर लागला. जायच्या दिवशीही ती इथे आली. डाव अर्ध्यावर होता, तिची पाळी होती, तिच्या घड्याळात पाच मिनिटं उरली होती. तेवढ्यात मामा दाराशी येऊन म्हणाला, चल बाई, गाडीची वेळ झाली. मोनू उठली. "पप्पा, थांबवून ठेवजा. माही चाल हाय. येतो मी," असं म्हणाली आणि गेली.

आता, त्या खेळात थांबवायचं बटणच नाही. डाव जपून ठेवायची सोय नाही. म्हणून कापगतेंनी खेळ थांबवला नाही. खेळाभोवतीचं आख्खं यंत्रच झोपवलं. नऊ वर्षं झाली त्याला.

"मुलगी आली असेल की मधे," मी म्हटलं.

"येते ना. दिवाळीले येते, दोन दिवस. आईसंग राहते. इथं कायले येईल? कॉलेजले सुट्टी राहते तवा. अन् आता तिले कसं म्हणू का खेळायले चल म्हणून? मोठी झाली. कंपनीत मोठी मोठी यंत्रं पाहते. तिच्या तिथं म्हणे चालू मशीन न थांबवता इकडून तिकडं नेते. आमच्यासारखं झोपवा लागत नाई." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि आणखीही काही होतं.

"आणि ते तेरा खाल्ले, बारा खाल्ले?"

घरमालकाची डागडुजी झाली की जुनी झोप एकदा मोडून नव्या रीतीनं झोपवावी लागते, नाहीतर दोन-तीन डागडुज्यांनंतर ती उघडतच नाही. म्हणजे दर वेळी ते यंत्र जागं करायचं आणि लगेच झोपवायचं. पण तेवढ्यात खेळ जागा होतो, आणि मोनूचं घड्याळ पळायला लागतं. कापगते कितीही चपळाई करोत, बारा-तेरा सेकंद जात. मुलीच्या वाट्याचे. नऊ वर्षांत अशा वीस डागडुज्या झाल्या. पाच मिनिटांतले एक्केचाळीस सेकंद शिल्लक होते.

मी ग्रंथपाल; मला सुचलं ते नोंद करण्याचं. "सोंगट्या कुठे आहेत ते कागदावर लिहून घ्या ना."

"सोंगट्या मले पाठ हाय. कागदावर सोंगट्या येते. तिची वेळ नाई येत." मग म्हणाले, "पाचले गाडी येते. मी म्हणून राहिलो, बंद करून टाकू. तिले आठवत बी नसंल. पण हात होऊन नाई राहिला."

"मोनूला फोन करा."

"फोन रविवारी येते. आईले."

"तुम्ही लावता की मी लावू?"

मी कुणावर असा आवाज चढवत नाही. फक्त पुस्तकात पानं दुमडणाऱ्यांवर चढवते. कापगतेंनी फोन काढला, स्पीकरवर टाकला, यंत्राच्या टपावर ठेवला. घंटी वाजत होती तेव्हा त्यांनी केस नीट केले, जसं काही ती बघणार होती.

"हॅलो? पप्पा? काय झालं? आई बरी हाय ना?"

कापगतेंनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. "तुही चाल हाय," ते म्हणाले. "एक्केचाळीस सेकंद राहिले."

मी भिंतीकडे पाहत उभी राहिले. मला वाटलं, आता ती म्हणणार, कसली चाल? आणि या माणसाचं नऊ वर्षांचं काम एका प्रश्नात संपणार.

"कसली चाल?" ती म्हणाली.

कापगतेंचा चेहरा हलला नाही. त्यांनी वही उघडली, अगदी पहिलं पान. वही त्यांनी त्याच दिवशी सुरू केली होती हे मला तेव्हा दिसलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: "मोनू: येतो मी".

"शुक्रवार होता," ते म्हणाले. "मामा दारात उभा होता. तुह्या बोटाले समोशाचं तेल होतं, मी म्हटलं माउसले लावू नको. तू म्हटलं, थांबवून ठेवजा, येतो मी."

"पप्पा," तिचा आवाज बदलला. "तो डाव? तो अजून हाय?"

"बंद नाई केला."

मग दोघांनी जे केलं त्याला खेळ म्हणावं की काय, मला सांगता येणार नाही. यंत्र झोपलेलं होतं, म्हणजे घड्याळही झोपलेलं. कापगतेंनी तिला फोनवरून एकेक सोंगटी कुठे आहे ते सांगितलं, डोळे मिटून. ती तिकडे कागदावर चौकटी आखत होती, तिच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. "तुहा राजा कोपऱ्यात, समोर तीन प्यादे. वजीर मधात. माहा उंट तुह्या वजिरासमोर. माहा हत्ती मोकळ्या रांगेत." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हत्ती पायला ना? मोकळ्या रांगेत."

"पायला पप्पा, पायला."

तिनं विचार केला वीस मिनिटं. मधे कुणीतरी तिला हाक मारली, तर म्हणाली, दहा मिनिटांनी येते. मधेच तिनं विचारलं, खोलीतला तो खुर्चीचा मोडका हात दुरुस्त केला का. कापगते म्हणाले, नाई. तिनं विचारलं, मेश्रामकाका आहेत का अजून. हाय म्हणाले. वहिनींनी मला नंतर सांगितलं, त्या हिशेबानं नऊ वर्षांत बापलेकीत इतकं बोलणं झालं नव्हतं.

"ठरलं," ती शेवटी म्हणाली. "वजिरानं तुमचा उंट मारतो."

"पक्कं?"

"पक्कं."

कापगतेंनी यंत्र जागं केलं. पडद्यावर एक जुनाट हिरवा पट उमटला. कोपऱ्यात तारीख नऊ वर्षांपूर्वीची, वार शुक्रवार. त्या यंत्राच्या हिशेबानं मोनूला उठून जाऊन साडेचार मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी तिची चाल केली. तिचं घड्याळ बत्तीसवर थांबलं आणि त्यांचं पळायला लागलं. त्यांच्याकडे तीन मिनिटं होती.

मला बुद्धिबळ येतं ते इतकंच की घोडा अडीच घरं जातो. त्यामुळे त्या तीन मिनिटांत मला एवढंच दिसलं, की कापगतेंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"पप्पा, चाल करा ना."

"विचार करून राहिलो."

दोन मिनिटं राहिली. एक राहिलं. सहाव्या खोलीत नऊ वर्षं एकेका सेकंदासाठी धावणारा हा माणूस आपले सेकंद आरामात जाऊ देत होता. घड्याळ शून्य झालं. पडद्यावर पाटी आली, पांढरा जिंकला.

"जिंकलो मी!" तिकडे मोनू शाळकरी पोरीसारखी ओरडली. "तुमची वेळ संपली पप्पा! चला, ठेवतो, मले बोलावून राहिले." फोन बंद झाला.

कापगतेंनी पडद्यावरची पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी खेळ मिटला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, नीट, रीतसर, ते सहावं यंत्र बंद केलं. "खाली"ची चिठ्ठी नखानं खरवडून काढली, घडी करून वहीत ठेवली.

"बंद केलं," ते मला म्हणाले. मी मान हलवली. पाचला माणसं आली आणि सर्व्हर उचलून घेऊन गेली. कापगते त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, सर्व्हर कुठे दारात आपटू नये म्हणून.

सोमवारी मी सकाळी त्यांच्या खोलीत गेले. नव्या सर्व्हरवर पाचच चिठ्ठ्या होत्या. मला खरं म्हणजे विचारायचं होतं, बरं आहे ना. पण आमच्यात तसं विचारायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, "ग्रंथालयाचं नवं घर फार हळू चालतंय." ते बघायला लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात गुंतलेले होते म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर चालू केला.

हॅलो नाही, पप्पा नाही, काही नाही. मोनूचा आवाज आला.

"तुमचा हत्ती मोकळ्या रांगेत होता. सरळ शेवटच्या घरात आणला असता तं माहा राजा तिथंच मेला होता. एका चालीत. मी काल रात्री पट मांडून पायलं. काऊन नाई आणला?"

कापगते तारांमधून हात न काढता तसेच बसून राहिले. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी अर्ध्या वाक्यापासून गाठलेलं नव्हतं.

"सांगतो," ते शेवटी म्हणाले. "लंबं हाय थोडं. वेळ हाय का तुले?"

"हाय," मोनू म्हणाली. "बोला तुम्ही."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. समोरून मेश्राम फटफट करत येत होते. मी तोंडावर बोट ठेवलं, तशी त्यांनी सवयीनं चप्पल हातात घेतली.